न निवडलेलं घर

जैवसंख्याशास्त्रात पीएचडी करणारी काजल वडनेरमध्ये रक्तदाब मोजत फिरत होती. घरं कॉम्प्युटरनं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली. त्यात अदलाबदल केली, तर सगळी मेहनत वाया. पण गावात एखादं घर वगळणं म्हणजे लग्नाची पत्रिका न देण्यासारखंच.

शोभाबाईंनी तिला रस्त्यातच गाठलं. "शेजारी गेली, आमच्या घरी काऊन नाई आली? आमचा चहा चालत नाई का तुले?"

"काकू, कॉम्प्युटरनं निवडलं, मी नाई."

"त्याले बी पाजतो चहा. बस!"

काजलनं चुळबुळत चहा घेतला आणि त्यांचं मन राखायला रक्तदाबाचा पट्टा त्यांच्याही दंडाला बांधला.

संध्याकाळी तिच्या पीएचडीच्या सरांचा फोन आला. "धोक्याचा रक्तदाब कुणाचा निघाला का?"



"निवडलेल्या घरांत तरी कुणाचाच नाही, सर," दवाखान्यात भरती केलेल्या शोभाबाईंच्या खाटेजवळून काजल म्हणाली.