तसबिरीतला अंगठा

आमच्या यजमानांनी, सगळे ज्यांना अप्पा म्हणतात त्या अच्युतराव वकिलांनी, गुलबर्ग्यात गरीब विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह बांधले. विश्वस्तांनी हैदराबादच्या चित्रकाराकडून त्यांची रंगीत तसबीर करवून तेथील दालनात लावली. हयात माणसाच्या तसबिरीला गंध लावीत नाहीत, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. तरी त्या गुरुवारी तसबिरीच्या कपाळी ओले गंध होते.

"राजूबाई, हा आचरटपणा कोणाचा?" मी तेथल्या स्वयंपाकीणबाईंना विचारले.

"मला काय ठाव, अक्का? दालनाची किल्ली तर तुमच्या कमरेलाच हाय की."

ते खरे होते. मी पदराच्या टोकाने ते गंध स्वच्छ पुसले.

"अप्पा आज संध्याकाळी गाणगापुराहून परततील. माझ्या परवानगीवाचून माझ्या घरातले कोणी गंधाच्या तसबिरीत जात नाही," मी बजावले.

राजूबाई मात्र चित्राकडेच पाहत राहिल्या.

"अक्का, अप्पांच्या अंगठ्याला कुंकू कामून लागलंय?"

कायद्याच्या पुस्तकावर टेकलेल्या त्या रंगवलेल्या हाताचा अंगठा लालभडक होता.

सकाळीच मी कपाळी मेणावर ठसठशीत कुंकू रेखले होते. मी कपाळाला बोट लावले. तेथे मेणसुद्धा उरले नव्हते.