मुकादमाला घर हवंय

मांजरांच्या कॅफेत शिरलं की काउंटरवर ऐसपैस पसरलेला मुकादम दिसायचा. रस्त्यावरून उचलून आणलेला, एक कान तुटलेला, पण भलताच लाघवी बोका. लोक कॉफीपेक्षा त्याच्यासोबतच्या फोटोसाठीच यायचे. त्याच्या डोक्यामागे भिंतीवर पाटी होती, 'मला घर हवंय'.

घर द्यायला माणसंही यायची, पण मालकीणबाईंचं मन फार हळवं. नव्या जोडप्याला त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं दिवसभर बाहेर, हा एकटा झुरेल." मागच्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या काकू तर त्याच्यासाठी गादी शिवून बसल्या होत्या. मालकीणबाई त्यांचं घर पाहून आल्या आणि म्हणाल्या, "घरात जिना आहे हो. पडला-बिडला तर? लेकरू आहे ते माझं. तुम्ही रोज इथेच येत जा ना." काकू रोज यायच्या, त्याला कुरवाळायच्या आणि नको असलेली कॉफी पिऊन जायच्या.

परवा मुकादमाने फोटो काढणाऱ्या एका बाईंना कडकडून चावा घेतला. बाईंनी चावलेल्या हाताचा फोटो सगळ्या गावाला पाठवला.

संध्याकाळी काकूंचा फोन वाजला.



"काय काकू, त्या जिन्याचं काय घेऊन बसलात? शेवटी मांजराची जात, चार पायांवरच पडणार. आजच घेऊन जा."