बसलं, पुढचं

शिलाई मशीनवरचं कापड बाजूला सारून शिंप्याने पुठ्ठ्याचे तुकडे मांडले. उद्या लेकीची जर्मनची परीक्षा. पास झाली की परदेशातल्या इस्पितळात नर्सची नोकरी पक्की, आणि घरात उरणार हे मशीन आणि तो.

जर्मनमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण तिथली काही क्रियापदं म्हणे तुटतात; धड पुढे राहतं आणि शेपूट वाक्याच्या टोकाला जाऊन बसतं. म्हणून त्याने मोठ्या कात्रीने एकेका क्रियापदाचे दोन तुकडे केले होते. प्रत्येकाचा काप वेगळा, कुठे गळ्याचा तर कुठे बाही जोडायच्या मुंढ्याचा. लेक तुकडे जोडायची, तो सांध्यावरून अंगठा फिरवायचा. जुळलं तर ‘बसलं, पुढचं.’ नाहीतर ‘फट आहे.’ काही क्रियापदं नुसती तशी दिसतात, पण तुटत नाहीत; ती अख्खीच ठेवलेली. त्याला तीच जास्त आवडत.

आज लेक एकदाही अडत नव्हती. शिंप्याचं ‘बसलं’ दर जोडीला हळू होत चाललं.

मग एका जोडीत अंगठ्याला चांगलीच फट लागली.

‘बसलं,’ तो म्हणाला. ‘पुढचं.’

लेकीचा हात थांबला. तिने ती जोडी दिव्याखाली धरली.

‘बाबा, एवढी फट कुठल्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारली असतीत का हो तुम्ही?’

‘डोळे गेले आता माझे.’

‘सकाळी सुईत दोरा तर एका दमात ओवलात.’

त्याने मान खाली घातली. उभ्या आयुष्यात कुणाचं कापड बिघडवलं नव्हतं, आणि आज पोटच्या पोरीचं बिघडवायला निघाला होता. ती चिडली असती तरी परवडलं असतं. पण ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तुकड्यांवर नजरही न टाकता तिने भलतेच दोन उचलून त्याच्यापुढे जोडून ठेवले.

‘हेही बसलं म्हणा. मी नाही जात, बाबा.’

शिंप्याने सांध्यावर अंगठा ठेवला. एकदा फिरवला, पुन्हा फिरवला.

‘फट आहे,’ तो म्हणाला. डोळे पुसायच्या भानगडीत न पडता त्याने ढिगात चाचपून बरोबर शेपूट शोधलं, आणि तिच्यापुढे सरकवलं.