अकरा वेळा दाबलेलं बटण

अकरा महिन्यांत अकरा वेळा. पडद्यावरचा आकडा ताईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि त्यांना चक्क गुदगुल्या झाल्या.

बटण त्यांचंच होतं. प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या ऑफिसच्या साधनात त्यांनी ते अठरा वर्षांपूर्वी बसवलं होतं. प्रोग्राम मध्येच कोलमडला की 'मागे चला' दाबायचं. तो कुठल्या वाटेनं इथवर आला ते एकेक पाऊल उलटं दिसायचं. आता साधन ते सगळं आपणहून दाखवतं. म्हणून सकाळीच प्रमुख, वयानं ताईंच्या मुलीएवढी, खुर्चीपाशी येऊन हळूच म्हणाली होती, "ताई, तुम्ही आजारपणातून उठून आजच आलात आणि मी हे पुढ्यात टाकतेय. पण ठेवायचं की काढायचं, दुपारपर्यंत सांगाल? तुमचा शब्द शेवटचा."

ते ताईंच्या मनाला लागलं होतं. अकरा महिने अंथरुणावर काढले की माणूस आधीच स्वतःला अडगळ समजायला लागतो, त्यात हे. पण अकरा वेळा! म्हणजे अकरा वेळा कुणीतरी अडलं होतं, आणि त्यांच्या बटणानं त्याला सोडवलं होतं. कोण बरं असेल, म्हणून त्यांनी नोंदी उघडल्या.

अकराही नोंदी एकाच टेबलावरच्या निघाल्या. दर महिन्याची एक तारीख, सकाळी आल्या आल्या. दाबलं की लगेच बंद. टेबल खिडकीजवळचं, मास्तरांचं. मास्तर ताईंबरोबरच नोकरीला लागलेले. सगळ्यांचं काम तपासून चुकांखाली लाल रेघा ओढायचे, म्हणून हे नाव पडलेलं.

ताई उठल्या त्या तणतणतच. "कीव करतोस होय रे माझी?"

मास्तरांनी मान वर केली. काय झालंय ते त्यांना कळलं. "कीव कसली? तू आजारी पडलीस आणि नवा नियम निघाला. महिनाभर ज्या बटणाला कुणी हात लावला नाही, ते न विचारता काढून टाकायचं. तू तिकडे पडलेली. तुझ्या माघारी कसं काढू द्यायचं? काढायचं तर तू काढ, ठेवायचं तर तू ठेव."

"आणि एक तारखेला सुट्टी आली तर?"

"तरी यायचो. बायको विचारायची, आज कसलं ऑफिस? म्हटलं, एक बटण दाबून येतो."

"एवढं आवडतं तुला ते?"

"छे! कधीच नाही आवडलं. नुसतं रांगतं."

ताईंना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. अडगळीसाठी सुट्टीच्या दिवशी कोण धावत येतं? बटण गेलं तरी आपलं काही जाणार नाही, हे त्यांना तिथंच, उभ्या उभ्या पटलं.

जागेवर येऊन त्यांनी बटणामागच्या प्रोग्रामच्या सगळ्या ओळी काढून टाकल्या आणि तपासायला मास्तरांकडे पाठवल्या. मास्तरांनी 'ठीक' म्हटल्याशिवाय तिथं कुणाचंच काही पक्कं होत नसे. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला, उत्तर नाही. शेवटी ताई पुन्हा खिडकीशी गेल्या.

मास्तर काढून टाकलेली ओळन् ओळ वाचत बसले होते.

"अरे, काढलेल्यात कसल्या चुका शोधतोस?"

"सापडली," मास्तर पडद्यावर बोट ठेवून म्हणाले. "ही बघ. दर पावलाला सगळं पहिल्यापासून मोजतेय, म्हणून रांगतं."

ताई वाकल्या. खरंच की. अठरा वर्षं त्यांच्या डोळ्यांदेखत ती ओळ तशीच होती. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. "सरक जरा. अशी कशी काढू? आधी नीट करते."

सगळ्या ओळी परत आणल्या, ती एक नीट केली, बटण दाबलं. पापणी लवायच्या आत सगळी पावलं पडद्यावर हजर.

"आता आवडलं," मास्तर म्हणाले.

"आवडलं ना?" ताईंनी समाधानानं पाठ टेकली. "मग आता काढू या."