दहा सेकंदांची खिडकी

जर्मनीला परतण्याआधी गौरवने रत्नागिरीच्या घरी आईच्या लॅपटॉपवर एक गंमत करून ठेवली. रोज चारच्या ठोक्याला पडद्यावर एक छोटी खिडकी उघडायची, ‘आई, चहा ठेवलास?’ विचारायची आणि दहा सेकंदांनी ‘जातो’ म्हणून आपोआप मिटायची.

आठवडाभर आनंदीबाईंनी सोसलं, मग फोन लावला.

“अरे, तुझी ती खिडकी जरा दुरुस्त कर.”

“दहा सेकंद पुरत नाहीत काय? टायमर वाढवतो.”

“वेळ राहू दे तेवढाच, शब्द बदल. घरातून निघताना कोणी ‘जातो’ म्हणतं काय रे?”

गौरव हसला आणि त्याने जर्मनीतूनच आईच्या लॅपटॉपला जोडून घेऊन स्क्रिप्टमधला तेवढा एक शब्द बदलला.

आता रोज चारला खिडकी ‘येतो’ म्हणून मिटते, आणि आनंदीबाई उठून आधणात एक कप पाणी जास्त घालतात.