चपलांचा नियम

रिक्षा उलटून डोक्याला जबर मार बसल्यापासून जयदेवला राग आवरत नसे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून बायकोने, माधवीने, घरात नियमच केला: राग चढला की चपला घालायच्या आणि बिल्डिंगला फेरी मारून यायचं. विठ्ठलवाडीतल्या त्या बिल्डिंगचा वॉचमन मग हसून विचारायचा, "काय जयदेवशेठ, निघाली स्वारी?"

आज दूध उतू गेलं आणि माधवीनेच पातेलं आपटलं. "तुमचा राग सांभाळता सांभाळता माझा राग कुठे ठेवू मी?"

जयदेवच्या मुठी वळल्या. तो तडक दाराशी गेला, पण परत आला. तिच्या चपला त्याने तिच्या पायाशी ठेवल्या.

खाली वॉचमनने चिडवलंच, "काय जयदेवशेठ, निघाली स्वारी?"

"आज राग हिला आलाय," जयदेव म्हणाला. "मी नुसता सोबतीला."