मोटर बंद केली का?

“चहा गार झाला, तुझी टकटक काय संपंना,” सासूबाई कानाशी पुटपुटल्या.

व्हिडिओ बघून शिकलेली आज्ञेची एकच ओळ मी लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर लिहिली. ह्यांच्या मोबाइलमधली ओतूरच्या मळ्याची तीनशे टिपणं एकदम ऑनलाइन वहीत चढली. पुण्याच्या लेकीलाही वाचता यावीत, म्हणून.

वर्ष झालं, ह्यांचं नाव निघालं की आम्ही ‘मळ्यात गेलेत’ म्हणतो.

वहीत माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा तरी कर्सर हलू लागला. प्रत्येक टिपणाखाली लिहीत गेला, ‘मोटर बंद केली का?’

लेकीला फोन लावला. “आई, मी अजून वही उघडलीच नाही.”

मी लिहिलं, ‘केली.’

‘मग जेवायला हाक का मारत नाहीस?’

सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं.

“सूनबाई, तो मेलाय, हे त्याला कुणी सांगितलंच न्हाई गं.”